कॅसेटची सीडी करून घेताना

वामनदादा कर्डकांची गाणी, जयंतीच्या रात्रीचे भीमगीतांचे जंगी सामने, आजोबांचा आवाज... आपल्या कितीतरी घरांत हे सारे जुन्या कॅसेटवर पडून आहे आणि फितीला बुरशी लागते आहे. सीडी जरूर करून घ्या. पण ती कशी लिहिणार, हे दुकानदाराला आधी विचारा.

‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’ पद्धतीत प्रत्येक गाण्यानंतर लेझर बंद होतो आणि मध्ये साधारण २ सेकंद शांतता पडते. सुट्या गाण्यांना ते चालते. सामना मात्र सलग असतो. टाळ्या विरण्याआधीच समोरचा गायक जवाब उचलतो, आणि नेमकी तिथेच सीडी मुकी होते! म्हणून ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ सांगा. त्यात लेझर पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता लिहितो आणि सीडी तिथेच बंद करतो.

‘उरलेल्या जागेत पुढे भरू’ म्हणून सीडी उघडी ठेवायला सांगू नका. पुष्कळ साधे प्लेअर अशी सीडी वाजवतच नाहीत. सीडीत ८० मिनिटे मावतात. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या दोन बाजू दोन सीडींवर घ्या.