आमच्या बसच्या वाटेवरचा सुवर्णदुर्ग

आईबाबा इकडे येणार म्हटलं की आपण सगळे एकच काम करतो. एक्सेल शीट उघडतो. शनिवारी लंडन आय, रविवारी टॉवर, पुढच्या आठवड्यात स्टोनहेंज आणि बाथ एकाच दिवसात. मीही तेच केलं होतं. तिसऱ्या शनिवारी बाबा शांतपणे म्हणाले, "आज मी घरीच बसतो. तुम्ही जाऊन या." गुडघे दुखत होते हे खरं, पण कंटाळले होते हे जास्त खरं.

आम्ही वुलिचला राहतो, टेम्सच्या दक्षिणेला. 2025 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका दुपारी बाबांना घेऊन बसने वेलिंगला निघाले होते, काही खरेदी होती. बाबा दापोली डेपोतून रिटायर झालेले. एसटीत आयुष्य गेल्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शूटर्स हिलच्या चढावर त्यांनी एक पाटी वाचली, मान मागे वळवून पुन्हा वाचली आणि मला विचारलं, "हे सेव्हर्नड्रूग म्हणजे काय गं? आपला सुवर्णदुर्ग तर नव्हे?"

मी हसले. म्हटलं, बाबा, इथे असलं काहीतरी असतंच, एखाद्या लॉर्डचं आडनाव असेल. घरी येऊन पाहिलं तर आडनाव वगैरे काही नाही. तो खरोखर सुवर्णदुर्गच. हर्णैच्या समुद्रातला, आमच्या आंजर्ल्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचा. इंग्रजांच्या जिभेवर दुर्गचा ड्रूग झाला आणि तो शब्द अडीचशे वर्षं आमच्या बसच्या वाटेवर उभा आहे. सहा वर्षं मी त्या रस्त्याने जाते आहे.

त्याच जुलैत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात सुवर्णदुर्ग आहे. आमच्या सगळ्या ग्रुप्सवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता, मीही चार ठिकाणी भगवे झेंडे टाकले होते. आणि पाटी वाचली ती तीन महिन्यांच्या पाहुण्याने.

तर हा सेव्हर्नड्रूग कॅसल म्हणजे किल्ला नव्हे. टेकडीवरच्या कॅसल वुड नावाच्या रानात उभा असलेला, तीन कोपऱ्यांना तीन षटकोनी बुरूज असलेला, 63 फूट उंचीचा त्रिकोणी मनोरा. कमोडोर विल्यम जेम्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा अधिकारी. त्याने 2 एप्रिल 1755 ला सुवर्णदुर्ग घेतला, पुढे इकडे येऊन श्रीमंत झाला, सर झाला, कंपनीच्या संचालकांचा अध्यक्ष झाला. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, लेडी जेम्सने, 1784 मध्ये त्याची आठवण म्हणून हा मनोरा बांधला. नवऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम कोणता, तर आमच्या हर्णैचा किल्ला.

हे कळल्यावर बाबांच्या अंगात वारं शिरलं. एक्सेल शीट त्यांनीच बंद करायला लावली. "त्या रविवारी दुसरं काही ठेवू नकोस," म्हणाले. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की वयस्कर माणसांची सहल कशी आखायची. किती ठिकाणं, हा प्रश्नच चुकीचा. चढ किती, पायऱ्या किती, बसायला कुठे, चहा कुठे आणि बाथरूम कुठे, एवढंच आधी बघायचं. बाकी त्यांचं ते बघून घेतात.

जाणार असाल तर माझ्या चुका करू नका म्हणून सांगते. मनोरा रोज उघडा नसतो. स्थानिक स्वयंसेवकांची एक संस्था तो चालवते, बरीच वर्षं बंद राहून दुरुस्तीनंतर 2014 मध्ये तो पुन्हा उघडला. रविवार हा त्यांचा नेहमीचा दिवस, तरी निघण्याआधी वेळ बघून घ्या. आम्ही पहिल्यांदा गेलो ते एका बुधवारी, कुलूप बघून परत आलो. जुबिली लाइनच्या नॉर्थ ग्रिनिचहून 486 नंबरची बस आणि लुइशमकडून 89 नंबरची बस शूटर्स हिलवरून जाते. रस्त्यावरून आत झाडीतून चढ आहे, पण दमछाक होईल असा नाही. वर गच्चीवर जायला 86 पायऱ्या आहेत, चक्राकार. ज्यांना झेपत नाहीत त्यांच्यासाठी खाली चहाची खोली आहे. आई तिथेच बसली आणि स्कोनला "हा आपला नानकटाईचा जाडा भाऊ" असं नाव देऊन मोकळी झाली.

बाबा मात्र चढले. मध्ये दोनदा थांबले. वरून लंडन दिसलं, टेम्स दिसली, लांबवर डोंगररांगा. वर आम्हाला ऐकायला मिळालं की ग्रिनिच आणि पॅरिसच्या वेधशाळा मोजमापाने जोडण्याच्या कामात, 1787 च्या सुमारास, जनरल रॉयने याच मनोऱ्यावरून निरीक्षणं घेतली होती. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते दारावरच्या शिलालेखावर अडकले होते. त्यात सुवर्णदुर्ग मलबारच्या किनाऱ्यावर आहे असं कोरलेलं आहे. "मलबार कुठे, हर्णै कुठे! जिंकलंत ते निदान कुठे आहे ते तरी नीट लिहा!" तिथल्या स्वयंसेवक आजींना मी हे भाषांतर करून सांगितलं. त्या मनापासून हसल्या आणि त्यांनी बाबांना खरा उच्चार विचारून घेतला. सु-व-र्ण-दु-र्ग. तीनदा म्हणवून घेतला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. माझी मुलगी दहा वर्षांची. खाली उतरल्यावर तिने आजोबांना विचारलं, "म्हणजे इथे आपण हरलो का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. हो, इंग्रजांनी आपल्याला हरवलं, वगैरे. बाबा म्हणाले, "नाही गं बाळा. आपण जिंकलो. तोच तर घोळ आहे."

आणि मग बाकावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. सुवर्णदुर्ग तेव्हा तुळाजी आंग्र्यांकडे होता, कान्होजींच्या मुलाकडे. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं पटत नव्हतं. तेव्हा पेशव्यांच्या बाजूने रामाजी महादेवांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला आणि दोघांनी मिळून आंग्र्यांवर हल्ला केला. जेम्सच्या तोफांनी किल्ल्यावरच्या दारूगोळ्याला आग लागली, किल्ला पडला आणि ठरल्याप्रमाणे तो पेशव्यांनाच मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह आले, आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. त्यानंतर दीड वर्षाच्या आत तोच क्लाइव्ह प्लासीला पोचला. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिला. शिवाजी महाराजांनी उभं केलेल्या आरमाराची ही गत आपल्या संमतीने झाली. मुलीने विचारलं, "मग पेशवे बॅड होते का?" बाबा म्हणाले, "तुळाजी शेजाऱ्यांना काही कमी त्रास द्यायचा नाही. पण घरच्या भांडणात बाहेरचा बोलवला की तो घर बघून ठेवतो."

मी हा प्रसंग आमच्या एका ग्रुपवर टाकला. दोन तासांत तीन प्रकारची उत्तरं आली. एकाने लिहिलं, हा मनोरा पाडायची मागणी करू या, सह्या गोळा करू. दुसऱ्याने लिहिलं, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, मुलांना इथेच राहायचं आहे. उरलेल्यांनी अंगठा दाखवला. या पहिल्या दोघांशीही माझं पटत नाही. पाडून काय मिळणार? तो मनोरा नसता तर माझ्या मुलीने तो प्रश्न विचारला नसता आणि मला खरं उत्तर माहीत नाही हेही मला कळलं नसतं. आणि न उकरण्याबद्दल म्हणाल, तर मुलांना इथे राहायचं आहे म्हणूनच हे त्यांना घरच्या माणसाकडून कळलं पाहिजे. शाळेत कंपनीचं राज्य शिकवतील तेव्हा त्यात हर्णै नसेल.

म्हणून माझा आग्रह आहे. लंडनमधल्या मराठी घरांनी वर्षातून एक रविवार इथे द्यावा. येण्याआधी अर्धा तास वाचून यावं, नाहीतर ही नुसती सेल्फीची जागा आहे. मनोरा बघून झाल्यावर घाईने दुसरीकडे पळू नये. शेजारीच ऑक्सलीज वुड आहे, हजारो वर्षांचं जुनं रान. या रानातून मोठा रस्ता काढायचा घाट घातला होता. लोक वर्षानुवर्षं लढले आणि 1993 मध्ये तो बेत रद्द झाला. ओक आणि हॉर्नबीमच्या सावलीतून चालत गेलं की मोठं कुरण लागतं, वरच्या बाजूला कॅफे आहे. तिथे डबा उघडा. आम्ही थालीपीठ नेलं होतं.

एल्थम पॅलेस तिथून जवळ आहे. आठव्या हेन्रीचं बालपण जिथे गेलं तो मध्ययुगीन दिवाणखाना आणि त्याला चिकटून 1930 च्या दशकातलं झगमगीत घर. सुंदर आहे, पण त्याच दिवशी कोंबू नका. ग्रिनिचचं मेरिटाइम म्युझियमही वेगळ्या दिवशी करा, तिथे तिकीट नाही. डॉमिनिक सेर्स या चित्रकाराने काढलेलं विजयदुर्गाच्या पाडावाचं चित्र त्यांच्या संग्रहात आहे. इंग्रज त्याला घेरिया म्हणत.

राहिली एक गोष्ट, ती कबूल करायला लाज वाटते. परतताना बसमध्ये मी बाबांना विचारलं, तुम्ही खऱ्या सुवर्णदुर्गावर किती वेळा गेलात? ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "एकदाही नाही. रोज बंदरावरून दिसायचा. लिलावाला गेलो की दिसायचा. होडीने पलीकडे जायला काय, पंधरा मिनिटं. पण राहूनच गेलं." मीही नाही गेलेले. आंजर्ल्याला आमचं घर आहे, मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या, आणि किल्ला मी फक्त किनाऱ्यावरून बघितला.

आम्ही डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. बाबांनी तिकडे पोचल्याबरोबर हर्णैच्या एका होडीवाल्याचा नंबर मिळवला. भरतीची वेळ सांभाळून सकाळीच निघावं लागेल, चहाबिहा काही मिळणार नाही, पाणी आपलं आपण न्यायचं आणि टोपी विसरायची नाही, असं त्यांनी फोनवर बजावून सांगितलं. मुलीने विचारलं, पायऱ्या किती आहेत. म्हणाले, मोजून सांगतो.