टेक्सासमध्ये रानडुकरे मारायला परवाना नको, पण जागा कुठे मिळणार?
अमेरिकेतील टेक्सास राज्यात पिकांची नासधूस करणारी रानडुकरे वर्षभर मारता येतात. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. जमीनमालकाची संमती पुरते. अडचण नेमकी इथेच आहे. राज्यातील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. सरकारी क्षेत्रे थोडी, आणि तिथे परवाना लागतोच. त्यामुळे शिकाऱ्याला आधी मालक गाठावा लागतो आणि अनेक मालक प्रवेशाचे पैसे घेतात. २०११ च्या कायद्यानंतर तर पैसे मोजून हेलिकॉप्टरमधून शिकार करण्याचाही धंदा उभा राहिला. ज्याला डुकरांपासून उत्पन्न मिळते, तो ती संपवेल कशाला? शेजारच्या शेतकऱ्याचे पीक मात्र जाते. डुकरांना बांध कळत नाही.