मुलांचा डबा आणि आपली रोजकीर्द

धान्याच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्याला विसरणे परवडत नाही. कोणत्या अडत्याकडून किती पोती ज्वारी यावयाची आहे, कोणाकडे किती येणे आहे, कोणास कोणत्या तारखेस द्यावयाचे आहे, हे आम्ही बेळगावच्या रविवार पेठेतील व्यापारी झोपेतही सांगू शकतो. असे असता आपल्याच घरातील आठ वर्षांचे मूल रिकामा डबा घेऊन शाळेस जाते आणि संध्याकाळ झाली तरी ते कोणाच्या ध्यानी येत नाही, हे कोणास खरे वाटेल काय? परंतु ते आमच्याच घरी घडले. म्हणून त्यासंबंधी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासातील ही गोष्ट. नव्या मुगाची आवक सुरू झाली होती. परगावचे दोन व्यापारी घरी उतरले होते. दुकानी लवकर जावयाचे म्हणून आम्ही पहाटेपासून आमच्या डब्यासाठी घाई लावली होती. तो डबा वेळेवर मिळाला. नातवाचा डबा मात्र घासून-पुसून, पण रिकामाच, दप्तरात गेला. मधल्या सुट्टीत त्याने झाकण उघडले, पुन्हा लावले आणि सोबत्यांना सांगितले, "आज माझा उपवास आहे."

आठवड्याने त्याच्या वर्गाच्या बाई आम्हांस बाजारात भेटल्या. "एवढ्या लहान वयात उपवास! तुमच्या घरचे संस्कार थोर," असे त्या म्हणाल्या. आम्ही चकित झालो. घरी येऊन नातवास जवळ घेऊन विचारले. तो म्हणाला, "आजोबा, खरे सांगितले असते तर बाईंनी आईला बोलावून घेतले असते."

बंधुभगिनींनो, उपवासाचे महत्त्व या स्मरणिकेच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? समोर अन्न असता, ते खाण्याची शक्ती असता, स्वेच्छेने त्याचा त्याग करणे यास उपवास म्हणतात. मोठ्यांच्या विस्मरणामुळे मुलाच्या पोटात अन्न पडले नाही, तर ते तप नव्हे. ती आपली चूक होय. त्या दिवशी ज्या मुलास आपण सत्याचे व्रत शिकवावयाचे, त्यानेच असत्य बोलून आपल्या घराची अब्रू राखली. येणे बुडाल्याचे दुःख आम्ही पुष्कळ वेळा सोसले आहे, पण एवढी खंत कधी वाटली नव्हती.

अशा प्रसंगी दोष सुनेच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. तो अन्याय आहे. तिची सकाळ मोजून पाहावी. पाणी भरणे व गाळणे, देवदर्शन, पाहुण्यांचा चहा, पतीचा व सासऱ्याचा डबा, मुलांच्या आंघोळी, आणि दारात येऊन कर्णा वाजविणारी शाळेची बस. दुकानात आपण दिवाणजी ठेवतो, रोजकीर्द लिहितो, खतावणी करतो. एकट्या माणसाच्या आठवणीवर कोणीही पेढी चालवीत नाही. घराचा सारा कारभार मात्र आपण एका बाईच्या आठवणीवर सोडतो. शिवाय आमचा डबा कधी विसरला जात नाही, कारण आम्ही ओरडतो. मूल ओरडत नाही.

कोणी म्हणतील, विसरले तर वीस रुपये हाती द्यावेत. पण त्या वीस रुपयांत शाळेबाहेर काय मिळते? बटाटेवडा, कांदाभजी किंवा पाकिटातील खारट-तेलकट पदार्थ. एकाने घरचा नियम मोडतो, दुसऱ्याने प्रकृती. असे अतिशय खारट, गोड व चरबीयुक्त पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकू नयेत, असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणास २०२० मध्ये करावा लागला, यावरून काय ते समजावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने सरकारी शाळांतील मुलांस दुपारी शिजविलेले अन्न मिळू लागले. ती मुले गरिबांची म्हणून आपण हळहळतो. पण त्यांच्या ताटाची आठवण ठेवणारी एक व्यवस्था आहे. भारी फी भरून खाजगी शाळेत घातलेल्या आपल्या मुलास घरच्या डब्यावाचून दुसरा आधार नाही.

उपाय साधा आहे. सकाळचे काम आदल्या संध्याकाळीच हलके करावे. शिजविलेले अन्न रात्रभर ठेवणे आपल्याला वर्ज्य, ही अडचण खरी. पण तयारी वर्ज्य नाही. सूर्यास्तापूर्वी जेवावयास बसताना उद्याच्या डब्याचा पदार्थ ठरवावा. पीठ चाळून, मोजून ठेवावे. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच व पावसाळ्यात तीन दिवस मानलेली आहेच. डबा धुऊन ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवावा. डाळीच्या पदार्थाबरोबर कच्चे दही देऊ नये, हे मुलांसही समजावून सांगावे. आणि एखादे दिवशी घाई झालीच, तर फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याचे किंवा शेंगदाणे-गुळाचे लाडू असा कोरडा खाऊ घरच्या नियमाप्रमाणे बरणीत तयार असावा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम, तर हरभऱ्यात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. हा माल आपल्याच वखारीत पोत्यांनी पडून असतो. मूठभर घरच्या बरणीत यावयास काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट पुरुषांनी करावयाची आहे. त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम झाला: मुलांचे डबे भरून दप्तरात जात नाहीत, तोवर आमच्या डब्याचे झाकण लागत नाही. डबे भरले की नाही हे पाहण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे. त्यामुळे दुकान दहा मिनिटे उशिरा उघडते. या दहा मिनिटांत आमचे एकही गिऱ्हाईक परत गेलेले नाही.

रात्री रोजकीर्दीचा मेळ बसल्याशिवाय आपण दुकान बंद करीत नाही. तसा रोज सकाळी घरातील डब्यांचाही मेळ प्रत्येक सभासदाने घालावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे. व्यापारातील येणे पुढील हंगामात वसूल होऊ शकते. मुलाचे चुकलेले जेवण त्याला पुन्हा देता येत नाही.