तुमचं गाव कोणतं?

परदेशातून आलेला माणूस तिथल्या स्वच्छ रस्त्यांचं आणि शिस्तीचं कौतुक करतो. मॉरिशसहून परतल्यावर मलाही ते करता येईल. पण मला तिथल्या माणसांच्या आपुलकीबद्दल लिहायचं आहे, कारण तिने आपल्या घरचाच एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला.

मॉरिशसला आपली माणसं हौसेनं गेली नव्हती. गुलामगिरी संपत आली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून गिरमिटियांची पहिली तुकडी पोर्ट लुईला पोहोचली. पुढे साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. त्यांतले मराठी मजूर मुंबई बंदरातून गेले. ज्या आप्रवासी घाटावर ते उतरले, तो २००६ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी सगळेच चढले, हिंदूही, मुसलमानही.

त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात आज बहुतेक क्रिओल बोलली जाते. मराठी शाळेत शिकावी लागते. प्राथमिक शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, अरबी, चिनी यांतली एक भाषा निवडता येते. भाषेच्या तासाला मुलं वेगवेगळ्या वर्गांत जातात आणि तास संपला की पुन्हा एका बाकावर येतात. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरला हे पाहून काय वाटलं असेल, सांगायला नको.

तिथे एका मराठी घरी मी माझं नाव सांगितलं, तेव्हा आजींना नवल वाटलं. तिथेही मुस्लिम मुलं बहुधा उर्दूच घेतात. पण मी भोरला शिकवतो आणि माझं मूळ गाव वेल्ह्याकडे, राजगडाच्या बाजूला आहे, म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “म्हणजे आमचेच की!” म्हणाल्या आणि ताट वाढायला उठल्या.

आता इकडचं सांगतो. स्वारगेट-भोर एसटीत शेजारी बसलेले गृहस्थ गप्पा रंगल्यावर नाव विचारतात आणि म्हणतात, “मराठी फार छान बोलता हो, मुस्लिम वाटतच नाही!” त्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या एका वाक्यात मी माझ्याच तालुक्यात पाहुणा होतो. सातासमुद्रापार माझं मराठी हे नात्याचं कारण ठरलं. इथे तो अपवाद ठरतो.

आणि हा दोष एका बाजूचा नाही. ‘उर्दू आपली, मराठी त्यांची’ असं मानणारे पालक आपल्या मोहल्ल्यातही आहेत. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीनं विषय येतो, मायेनं भाषा येते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत लिहिलं, ते कुठल्या सक्तीनं नाही.

मॉरिशस म्हणजे जन्नत नव्हे. १९९९ साली तिथेही दंगल पेटली होती. संसदेतल्या काही जागा आजही जमातींच्या हिशोबानं भरल्या जातात. म्हणजे तिथली माणसं जन्मतःच आपल्यापेक्षा मोठ्या मनाची आहेत, असं नाही. बारा-साडेबारा लाखांच्या बेटावर एकमेकांपासून दूर जायला जागाच नाही. म्हणून त्यांनी रीत घालून घेतली: प्रत्येकाच्या भाषेला वर्ग, आणि गणेश चतुर्थी, ईद, नाताळ, चिनी नववर्ष या सगळ्यांना देशाची सुट्टी. आपुलकी अशा रोजच्या व्यवहारातून मुरते. भाषणांनी ती येत नाही.

आपल्याला तर सुरुवात शून्यातून करायचीही नाही. मराठी शाळेतलं मूल पाठीवर ‘दप्तर’ घेऊन येतं, ‘हजेरी’ देतं, ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ लिहितं. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. उर्दूच्या वर्गात ते आजही भेटतात. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. उर्दू शाळेतल्या मुलाला शेख महंमद मराठीच्या तासाला भेटायला हवेत. एवढं करायला नवा कायदा लागत नाही. आम्हा शिक्षकांनी उद्याच्या तासाला सुरुवात केली तरी पुरे.