कार्टून काय म्हणता?

‘तिशी आली, अजून कार्टून बघतोस?’ ऑफिसात हे ऐकून कान किटलेत. अहो, २००२ सालची ‘अझुमांगा दाइओह’ बघा तरी! २६ भाग, हायस्कूलची तीन वर्षं, पाच-सहा मैत्रिणी आणि घडत काहीच नाही. साकाकी मांजर कुरवाळायला जाते, ते कचकन चावतं. बस्स, एवढंच! तरी शेवटी निरोप समारंभाला घशात आवंढा येतो.

म्हणे, ही पळवाट. साफ चूक! प्रवेशपरीक्षा त्या पोरींनाही चुकत नाहीत. पण तिथे टवाळक्या म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे, तीच तर खरी गोष्ट. आपली अकरावी-बारावी क्लासच्या बाकावर गेली. मार्क आठवतात ना? आणि त्या दोन वर्षांतला एखादा फालतू विनोद?

असो. मी पुढचा भाग लावतोय.