वॉशिंग्टनचा सोयरा

आमच्या केनवडात एक जाणकार आहेत. 2024मध्ये निवडणूक अमेरिकेत होती, प्रचार मात्र ते रिसोड तालुक्यात करत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रम्प आले की युक्रेनचं युद्ध चोवीस तासांत थांबणार, चीनच्या मालावर साठ टक्के कर बसणार, मग चीन अमेरिकेचं सोयाबीन सोडून झक मारत आपल्या दारात येणार. क्विंटलला भाव दहा हजार! आजही ते हेच सांगतात, फक्त 'थोडा वेळ द्या' एवढी पुस्ती जोडतात.

चोवीस तासांचं सोडून देऊ. 20 जानेवारी 2025ला शपथ झाली, युद्ध चालूच राहिलं.

चीनचं मात्र सोडवत नाही, कारण हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. जुलै 2018मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा कर लावला. तेव्हा चीन कुणाच्या दारात गेला? ब्राझीलच्या. ब्राझील वर्षाला 15 कोटी टनांहून जास्त सोयाबीन पिकवतो, आपण सव्वा कोटीच्या आसपास, आणि त्याचंही तेल-ढेप बहुतेक इथेच होतं. शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला तसं अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. तिथला शेतकरी तरला. पडलेल्या भावाशी आपली ढेप परदेशात झुंजत राहिली, तिला कुणी अब्ज दिले नाहीत. 2025च्या सप्टेंबरात तर चीनने अमेरिकी सोयाबीनचा एकही दाणा आयात केला नाही. तो दाणा जाणार कुठे? आपल्याशी चाललेल्या व्यापार कराराच्या बोलण्यांत अमेरिकेला आपल्या शेतमालाच्या बाजारात शिरकाव हवाच होता. म्हणजे जाणकारांनी चीनची वाट पाहिली आणि दारात उभी राहिली अमेरिका.

खरं तर 2021मध्येही जाणकारांशी आमचा भावावरून वाद झाला होता. भाव दहा हजारांच्या घरात गेला आणि ऑगस्टमध्ये 12 लाख टन जीएम सोयाबीनच्या ढेपेला आयातीची परवानगी मिळाली. डिसेंबरात वायदेही बंद. तेव्हा यांनी 'देशहित' म्हणून मान डोलावली होती. भाव वाढला की देशहित आणि पडला की चीन, असा यांचा हिशेब.

राहिला शांततेचा मुद्दा. युद्ध कुणालाच नको. पण ऑगस्ट 2025मध्ये आपल्या मालावर अमेरिकेचा आधीच्या 25 टक्क्यांवर आणखी 25 टक्के कर बसला, का तर आपण रशियाचं तेल घेतो. युद्ध त्यांचं, दंड आपल्या कापडाला. कापडवाल्यांना हात देण्यासाठी इथे कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं, ते 31 डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीत. 'सोयाबीनवर कुठे कर लागला?' असं विचारणाऱ्यांनी शेजारच्या वावरात पऱ्हाटीवाल्याला हे सांगून पाहावं.

मग करायचं काय? बाजार समितीत हर्रास बघा. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळचे दाणे काढतो, एक दाताखाली फोडतो, 'ओला आहे' म्हणतो आणि भाव उतरवतो. 2024च्या हंगामात हमीभाव 4892 होता, बाजार चार हजारांच्या आसपास. खरेदी केंद्राला 12 टक्क्यांवर ओलावा चालत नव्हता; 15 टक्क्यांची सूट आली नोव्हेंबरच्या मध्यावर, गरजवंताचा माल विकून झाल्यावर. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क सप्टेंबर 2024मध्ये 20 टक्के केलं आणि मे 2025च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, निम्म्यावर आणलं. यातलं काहीही वॉशिंग्टनमध्ये ठरलं नाही.

20 नोव्हेंबर 2024ला आपल्याकडेही विधानसभेचं मतदान होतं. कुणी सहा हजारांचा भाव देणार होतं, कुणी सात हजारांचा. खरेदी दसऱ्याआधी सुरू करा आणि हमीभाव मिळेपर्यंत तेलाचं शुल्क हलवू नका, या दोनच गोष्टी त्यांच्याकडून लेखी घ्यायच्या होत्या. जाणकार तेव्हा पेनसिल्व्हेनियाची मतमोजणी समजावून सांगत होते.