बालवर्गाची वही कोरी राहिली तर?

शाळा उघडण्याच्या दिवसांत बालवर्गाच्या प्रवेशासाठी पालक येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, लिहायला कधी शिकवता?" मूल असते जेमतेम साडेतीन वर्षांचे. शेजारच्या घरचे पोर शंभरपर्यंत आकडे लिहिते हे ऐकले की घरात चलबिचल सुरू होते. आम्हीही मग वह्या भरून घेतो. ही चूक आमचीही आहे.

पालकहो, घरी एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या वाट्यांत सारखी तूरडाळ भरा. मूल म्हणेल, दोन्हींत सारखीच आहे. आता त्याच्यादेखत एका वाटीतली डाळ उंच, अरुंद पेल्यात ओता. चार वर्षांचे मूल बहुधा म्हणेल, "पेल्यात जास्त." शंभर आकडे पाठ असले तरी हेच! स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशा साध्या प्रयोगांतून दाखवले की लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे; त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते. ओतणे, मोजणे, मांडणे आणि मोडणे यांतूनच त्याची समज वाढते. रशियाच्या लेव व्हायगॉट्स्की यांनी यात मोठ्यांच्या सोबतीचे आणि भाषेचे महत्त्व सांगितले. मूल आज आपला हात धरून जे करते, ते उद्या एकट्याने करू लागते.

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणेल. पण आपल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, पाने, बिया आणि खडे हीच साधने झाली. चिंचोके आणि ज्वारीची कणसे आपल्या संतपुरातही कमी नाहीत.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. मूल घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते, आणि शाळेत पाऊल टाकताच त्याला इंग्रजीत रंग विचारले जातात. ते गप्प बसते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. कन्नड आणि इंग्रजी आलीच पाहिजे, यात वाद नाही. पण आधी घरच्या भाषेत अर्थ रुजला, तर त्यावर दुसरी भाषा चांगली धरते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला नम्र विनंती, की बालवर्गाची लेखी परीक्षा बंद करावी आणि त्या जागी वाळूचा एक हौद द्यावा. पालकांनी रोज रात्री दहा मिनिटे गोष्ट सांगावी. आणि मोठ्या वर्गातल्या विद्यार्थी मित्रांनो, धाकट्या भावंडाने पेन्सिल वेडीवाकडी धरली तर त्याच्या हातावर मारू नका. त्याच्याबरोबर मातीचे बैल करा. बोटे तयार झाली की अक्षर येईलच.

वही कोरी राहिली तर ती पुढे भरता येते. पण शाळेची भीती एकदा मनात बसली, की ती काढताना आम्हा शिक्षकांची वर्षे जातात.